छोट्या हॉलला लिफ्ट आहे

दार ओढून घ्या आणि बसा. लाइट काही एवढ्यात येत नाही. गोष्ट सांगतो, पण मधेच "काका, हे खरं का?" असं कोणी विचारायचं नाही. जिच्यावर हे गुदरलं ती आत मेणबत्ती लावून भांडी आवरतेय. ज्याला शंका असेल त्याने उठावं आणि तिलाच विचारून यावं. कोणी उठत नाही? बरं.

तुमची मोठी काकू, म्हणजे माझी थोरली वहिनी, तेव्हा विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात कामाला होती. गाण्याबजावण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कार्यक्रमाला येणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते सगळं तिच्याकडे. गाडी कुठे लावायची, कुठल्या दाराने शिरायचं, उशीर झाला तर आत सोडतात का, रडकं मूल घेऊन कुठे बसायचं, बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला. खाली दारातून शिरलं की उजव्या हाताला चौकशीची खिडकी, तिथे ती बसायची. इमारतीत हॉल दोन. मोठा हॉल तळमजल्यावर आणि छोटा हॉल दुसऱ्या मजल्यावर. छोट्यात खुर्च्या कमी, पण आवाजाला इतका गोड की वाजवणारे मोठा सोडून तोच मागून घ्यायचे.

आणि फोन. खिडकी बंद असली की फोन उचलायला यंत्र होतं. त्यात वहिनीचा आवाज भरून ठेवलेला. "नमस्कार. मोठा हॉल तळमजल्यावर आहे. छोटा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. छोट्या हॉलला लिफ्ट आहे. चाकाच्या खुर्चीसाठी पुढच्या रांगेत जागा राखून ठेवलेली असते." आवाज कसा, लोण्यासारखा. आमचा दादा म्हणायचा, या फोनवरच्या बाईशी लग्न झालं असतं तर बरं झालं असतं.

हसू नका मोठ्याने, ऐकेल ती.

तर तो शुक्रवार. डिसेंबर महिना, परीक्षा नुकत्याच संपलेल्या. अमावास्या वगैरे काही नव्हती, उलट टिपूर चांदणं पडलं होतं. दिवस कलल्यावर वहिनी छापखान्यात गेली. काम साधंच. पाहुण्यांना वाटायची माहितीपत्रकं छापून झाली होती, ती घेऊन यायची. रात्री आठला छोट्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. परगावाहून एक नावाजलेले पियानोवादक आले होते आणि त्यांचं रेकॉर्डिंग होणार होतं. छापखानेवाल्याने गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता. वहिनीने वरचं एक पत्रक ओढून बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे कोणी बदललं?"

"तुमच्या साहेबांचा फोन आला होता," छापखानेवाला म्हणाला. "म्हणाले, बाईंनी केलेली दुरुस्ती काढा, आधी होतं तसंच राहू द्या."

दुरुस्ती एका ओळीची होती. वहिनीने लिहून दिलं होतं, कार्यक्रम चालू असताना लिफ्ट बंद असते. छापून आलं होतं, छोट्या हॉलला लिफ्ट आहे.

गठ्ठा काखोटीला मारून ती निघाली. रस्ताभर नुसती धुमसत होती. एवढ्याशा ओळीवरून एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी त्याच वर्षीच्या मार्चातलं सांगायला हवं.

त्या विद्यालयाचे जे संचालक होते, त्यांना सगळे पाठीमागे चूपसाहेब म्हणायचे. जागा दिसेल तिथे त्यांनी 'शांतता राखा'ची पाटी ठोकलेली. जिन्यात पाटी, पाण्याच्या नळावर पाटी, स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला पाटी. तिथे माणसाने काय करायचं? माणूस कधी आवाज चढवून बोलायचा नाही, पण हलक्या आवाजात असं काही बोलायचा की समोरच्याला घाम फुटावा. आता झालं असं होतं की लिफ्टची मोटर नेमकी छोट्या हॉलच्या स्टेजमागच्या भिंतीला लागून होती. लिफ्ट हलली की हॉलमध्ये घुरघुर ऐकू यायची. कुणी म्हणेल, मोटर हलवा, भिंतीला काही लावा. साहेबांनी लिफ्टलाच साखळी लावली. कार्यक्रमाआधी अर्धा तास कुलूप घालायचं, चावी स्वतःच्या खिशात, आणि सगळं आटोपलं की उघडायची.

वहिनी तेव्हाच म्हणाली होती, साहेब, मग फोनवरचं बदलू या.

"लिफ्ट इमारतीत आहे की नाही?" साहेब म्हणाले.

"आहे."

"मग त्यात खोटं काय आहे?"

मार्चात एक बाई आल्या. वय झालेलं. उभं आयुष्य त्याच विद्यालयात पियानो शिकवलेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पाय गेले होते, चाकाच्या खुर्चीवर असायच्या. त्या संध्याकाळी त्यांची नात छोट्या हॉलमध्ये वाजवणार होती, शेवटच्या वर्षाची मैफल. बाईंनी दुपारी फोन केला. वहिनी त्या दिवशी तापाने फणफणून घरी पडली होती. वहिनी नव्हती, तिचा आवाज होता. आवाजाने सांगितलं, लिफ्ट आहे, पुढच्या रांगेत जागा आहे. नात नंतर वहिनीला भेटायला आली होती, तेव्हा म्हणाली, "आजी म्हणत होती, फोनवरच्या बाई किती आपुलकीने बोलल्या."

बघा आता. हे ऐकून माणसाने काय करावं?

टॅक्सीने बाई आल्या, टॅक्सी निघून गेली. लिफ्टला साखळी. दारावर वॉचमन होता, त्याला सगळे मेजर म्हणायचे. तो लष्करातलाच, पण तिथे स्वयंपाकी होता. मेजर म्हणाला, चावी साहेबांकडे आहे, साहेब वर हॉलमध्ये आहेत, आणि वाजवणं सुरू झालं की दार उघडायचं नाही असा हुकूम आहे. थांबा, मी चार माणसं आणतो, आपण खुर्ची उचलून नेऊ. तो मागच्या अंगाला माणसं बघायला गेला. परत येतो तर खुर्ची जिन्याशी रिकामी. त्याला वाटलं, कोणीतरी नेलं असेल उचलून.

कोणी नेलं नव्हतं. पायरीवर पाठमोरं बसून, हात मागे टेकून, अंग वर ओढत, अशा त्या एकेक पायरी चढल्या. दोन मजले.

वर मैफल संपली, टाळ्या झाल्या, लोक बाहेर पडायला आले, तर दार उघडेना. बाहेरून काहीतरी टेकलेलं होतं. बाई दाराला पाठ लावून बसलेल्या. तळहात सोलून निघालेले. आत नात वाजवत होती आणि बाहेर आजी ऐकत होती. त्यातलं किती त्यांच्या कानावर पडलं, कोणास ठाऊक.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. साहेबांनी फुलं पाठवली. मीटिंगमध्ये म्हणाले, लिफ्टची सोय उपलब्ध होतीच, त्यांनी आधी कळवायला हवं होतं. आणि फोनवरची ओळ होती तशीच. वहिनी दर महिन्याला जाऊन सांगायची. शेवटी साहेब म्हणाले, "आता बदललं तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल." यंत्राचा पासवर्ड त्यांच्याकडे. हिचा स्वतःचा आवाज, आणि हिलाच पुसता येईना.

म्हणून धुमसत होती ती.

विद्यालयात पोचली ती तडक साहेबांसमोर. लिफ्टपाशीच उभे होते. गठ्ठा तिने जमिनीवर टाकला.

"साहेब, मी हे वाटणार नाही."

"दुसरं कोणीतरी वाटेल."

"एक बाई मेली आहे."

"हळू बोला," साहेब म्हणाले. "वर माईक लावलेत."

एवढं म्हणाले, आणि तिच्या डोळ्यांदेखत साखळी ओढली, कुलूप घातलं, चावी कोटाच्या खिशात टाकली आणि जिना चढून गेले. मेजर सांगतो, वहिनी त्यानंतर इतका वेळ तिथे उभी होती की त्याला वाटलं, आता ही बाई कुलूप दाताने तोडते की काय.

लोक आले, वर गेले. पत्रकं तिने टेबलाखाली सरकवून दिली. आठ वाजले. वरचं दार लागलं. खालच्या अंगाला आता दोघंच, खिडकीत वहिनी आणि बाहेरच्या दाराशी स्टुलावर मेजर. वरून पियानो अगदी बारीक ऐकू येत होता.

फोन वाजला.

वहिनीने उचलला. "नमस्कार, चौकशी."

पलीकडून नुसता श्वास. धाप लागलेल्या माणसाचा.

"हॅलो? बोला."

"छोट्या हॉलला... लिफ्ट आहे ना?"

बाईमाणसाचा आवाज. वय झालेला. वहिनीला कसंतरीच झालं, पण काम ते काम. म्हणाली, "आजी, आत्ता बंद आहे. कार्यक्रम सुरू झालाय. तुम्ही घरून निघाला नसाल तर..."

"निघाले मी. कधीच."

"मग आहात कुठे?"

"जिन्यात."

जिना खिडकीतून समोरच दिसतो. सगळे दिवे चालू होते. वहिनीने पायरी पायरी नजरेने तपासली.

"आजी... जिन्यात कोणी नाही."

पुन्हा श्वास. मग आवाज आला, आता जरा जवळून.

"तुम्हीच म्हणालात ना... लिफ्ट आहे म्हणून. पुढच्या रांगेत... जागा आहे म्हणून."

दुसरी कोणी असती तर रिसीव्हर टाकून पळत सुटली असती. पण वहिनीला भीतीच्या आधी आला राग. मार्चापासून साठलेला. ती म्हणाली, "मी नाही म्हणाले. माझ्या तोंडी ठेवलं ते. मी किती वेळा सांगितलं, पुसा म्हणून."

"कोणी... ठेवलं?"

इथे वहिनी गप्प बसली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं दादा म्हणतो. मला माहीत नाही. तिने सांगितलं.

"वर बसलाय तो. पहिल्या रांगेत. चावी त्याच्याच खिशात आहे."

पलीकडचा श्वास थांबला. फोन कटल्याचा आवाज नाही, काही नाही. श्वास थांबला, एवढंच.

तिने रिसीव्हर ठेवला.

आणि घुरघुर सुरू झाली.

मेजर स्टुलावरून उठला. "मॅडम, तुम्ही काही दाबलंत?" वहिनीने नाही म्हणून मान हलवली. दोघं लिफ्टकडे बघत राहिले. साखळी जागेवर. कुलूप जागेवर. आणि आत लिफ्ट वर चाललेली. पहिला मजला. दुसरा. तिथे थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. दार प्रत्येक वेळी असं आपटत होतं की भिंतीवरची पाटी थरथरायची.

वर पियानो थांबला.

साहेब जिना उतरून आले. चेहरा लालबुंद, पण आवाज त्या संतापातही दबलेला. "कोणी चालू केली?"

"चावी तुमच्याकडे आहे," वहिनी म्हणाली.

साहेबांनी खिसा चाचपला. चावी होती. तेवढ्यात लिफ्ट खाली आली. साखळी... साखळी जमिनीवर पडलेली होती. कुलूप तिच्यात तसंच, बंद. दार उघडलं. आत पिवळा दिवा. आत कोणी नाही.

"आतलं बटण बंद करतो," साहेब म्हणाले.

"साहेब, आत जाऊ नका. जिन्याने जा वर."

"तुमचं काम फोनवर बोलायचं. ते करा."

ते आत गेले.

दार लागलं. आपटलं नाही. अगदी हळू लागलं, कुणी पाहुण्याला आत घेऊन लावावं तसं.

घुरघुर. थोडी वर. आणि थांबली. मजल्यावर नाही. मधेच.

फटीतला उजेड गेला.

"साहेब?" मेजरने हाक मारली. "साहेब, ऐकू येतंय?"

काही नाही.

मग आवाज आला. लिफ्टमधून नाही.

जिन्यातून.

थप्... असा. ओला हात फरशीवर टेकावा तसा. मग काहीतरी जड ओढल्याचा. मग श्वास.

थप्. ओढणं. श्वास.

मेजरने टॉर्च लावला. दिवे चालू असताना टॉर्च लावला, यावरून समजा. दोघं जिना चढायला लागले. जिन्यात कोणी नव्हतं. आवाज त्यांच्यापुढे. चार पायऱ्या पुढे. ते थांबले की तोही थांबे. ते चढले की तोही...

पहिला मजला गेला.

आता श्वास नीट ऐकू येत होता. त्यात हुंदका होता. आणि वहिनीच्या लक्षात आलं.

तो श्वास बाईचा नव्हता.

थप्. ओढणं.

थप्.

वर दारावर काहीतरी धप्पकन टेकलं. हॉलमधले लोक आतून दार ढकलत होते. दार उघडत नव्हतं.

मेजर शेवटच्या वळणावर थांबला. वहिनी त्याच्या बाजूने पुढे झाली.

चूपसाहेब होते.

दाराला पाठ लावून बसलेले. जिवंत. डोळे सताड उघडे. पँटच्या मागून फाटून चिंध्या झालेल्या. दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, कातडी सोलून निघालेली. तोंड हलत होतं. वहिनी वाकली तेव्हा ऐकू आलं.

"उघडा... कोणीतरी उघडा..."

...

खाली जाऊन मेजरने बघितलं. लिफ्ट तळमजल्यावर उभी. साखळी लावलेली. कुलूप घातलेलं. चावी साहेबांच्या खिशातच निघाली. लिफ्टमधून ते बाहेर कसे आले आणि दोन मजले तसे का चढले, हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही, पोलिसाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. म्हणतात, तळमजल्याचं घर घेऊन राहिलेत.

त्या रात्री वहिनीला आणायला मीच गेलो होतो. तिने तोवर फोनच्या यंत्राची वायर भिंतीतून उपटून काढली होती आणि ते यंत्र मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. घरी आल्यावर दादाला म्हणाली, "मी तिला सांगितलं, तो कुठे बसलाय ते." दादाने विचारलं, "कोणाला?" बऱ्याच वर्षांनी मी एकदा धीर करून विचारलं, वहिनी, त्या माणसाबद्दल वाईट वाटतं का? भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "भावजी, मला तेव्हा राग आला होता. अजून आहे."

नवीन संचालक बाई आल्या. त्यांनी पहिल्या महिन्यात मोटर हलवून घेतली. लिफ्ट आता दिवसरात्र चालू असते आणि हॉलमध्ये सुईएवढा आवाज येत नाही. म्हणजे इतक्या सोप्या गोष्टीसाठी... जाऊ द्या. बोलायला लागलो की माझंही डोकं फिरतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हणालो असतो, वहिनीला भास झाला, मेजर घाबरट, साहेबाला झटका आला. पण मोटरचं काम झालं त्या सुट्टीत छोट्या हॉलची लाकडी जमीन नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. मी आणि माझे सुतार. जमीन घासली, पुसली, वार्निशचा शेवटचा हात दारापाशी येऊन संपवला. वाळेपर्यंत कोणी पाऊल ठेवू नये म्हणून दाराला माझं स्वतःचं कुलूप घातलं. खिडक्या आतून बंद. दुसरी वाट नाही.

वाळल्यावर उघडलं, तेव्हा मी एकटाच होतो. सकाळचं ऊन जमिनीवर तिरकं पडलं होतं, त्यात ते दिसलं.

दोन रेषा. बारीक, सारख्या अंतराने चाललेल्या, वार्निशमध्ये रुतून वाळलेल्या. दारातून आत आलेल्या. खुर्च्या आम्ही बाहेर काढल्या होत्या, तरी मधली वाट असते तिथूनच सरळ पुढे गेलेल्या. पहिली रांग असते तिथे वळून पियानोच्या डाव्या अंगाला गेलेल्या, जिथून वाजवणाऱ्याचे हात दिसतात.

तिथे थांबलेल्या.

मी सगळा हॉल गुडघ्यांवर बसून बघितला, ऊन सरकेपर्यंत. परत फिरल्याची रेष कुठेच नव्हती.